मुलांचा क्षयरोग आणि वजनाची नोंदवही

शिरूर व दौंड या तालुक्यांत एकीकडे उसाचे मळे आहेत, तर दुसरीकडे रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती. हंगामात पालावर उतरणारी ऊसतोड कुटुंबे आणि दाटीवाटीच्या खोल्यांत राहणारे कामगार यांची मुले सांभाळताना क्षयरोगाचा विचार आम्हांला टाळता येत नाही.

प्रौढांतील हा रोग बहुधा थुंकीच्या तपासणीत सापडतो. लहान मूल मात्र बेडका बाहेर न टाकता गिळून टाकते. शिवाय त्याच्या शरीरात जंतूही थोडेच असतात. म्हणून थुंकीत जंतू आढळले नाहीत, तरी रोग नाही असे ठरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला खोकला किंवा ताप, मानेवरील वाढत्या गाठी, घरातील क्षयरुग्ण आणि तीन महिन्यांत न वाढलेले वजन, ही लक्षणे एकत्र पाहावी लागतात. अशा मुलाच्या छातीचे क्ष-किरण चित्र आणि त्वचेवरील मांटू चाचणी उपयोगी पडते. पहाटे उपाशीपोटी जठरातून काढलेला द्राव सीबीनॅट यंत्रावर तपासला, तर जंतूंबरोबर रिफाम्पिसिनला होणारा प्रतिरोधही कळतो. जन्मतः दिलेली बीसीजी लस मेंदुज्वरासारख्या गंभीर क्षयरोगापासून बरेच संरक्षण देते. पण लस टोचली आहे म्हणून निश्चिंत राहू नये.

नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्बुटॉल, आणि पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे रोज घ्यावयाची. मात्रा वजनावर ठरते. मूल सुधारून वजन वाढले की मात्राही बदलावी लागते. खरा धोका येथेच आहे. काही आठवड्यांत मूल हसू-खेळू लागते, हंगाम संपतो, कुटुंब गाव सोडते आणि गोळ्या सुटतात. अर्धवट उपचारातून रोग उलटतो, औषधांना दाद न देणारा होतो. शासकीय केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात आणि निक्षय नोंदणीमुळे उपचार दुसऱ्या जिल्ह्यातही चालू ठेवता येतो. ही गोष्ट पालकांना निघण्यापूर्वी सांगितली पाहिजे.

वसतिगृहात निदान झाले की मुलाला घरी धाडण्याचा मोह होतो. परंतु लहान मुलांपासून संसर्ग क्वचितच पसरतो. बहुधा त्यालाच तो एखाद्या मोठ्या माणसाकडून झालेला असतो. मोठ्या मुलांबाबत वैद्यकीय सल्ल्याने काही दिवस वेगळी व्यवस्था करावी, निकट सहवासातील सर्वांची तपासणी करावी आणि निरोगी ठरलेल्या लहानग्यांना प्रतिबंधक औषध द्यावे. घरी धाडलेल्या मुलाच्या गोळ्या कोण मोजणार? म्हणून दरमहा वजनाची नोंद नेमाने ठेवणे आणि न वाढलेल्या आकड्यापाशी थांबून विचारपूस करणे, हे आम्ही शाळेचे पहिले आरोग्यकार्य मानतो.