हवाई दलातून प्रवासी विमानाकडे
भारतीय हवाई दलातील वैमानिकाच्या खात्यावर हजारो तासांचे उड्डाण असले, तरी निवृत्तीनंतर त्याला थेट प्रवासी विमान चालवता येत नाही. कारण लष्करी पात्रता नागरी परवान्याच्या जागी चालत नाही आणि तो परवाना देण्याचा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, असतो. सेवेतील तास हिशेबात धरले जात असले, तरी हवाई नियमांसारख्या विषयांची परीक्षा, नागरी वैद्यकीय तपासणी आणि टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट बनावटीच्या विमानासाठीची स्वतंत्र पात्रता, यांतून त्याला जावेच लागते. कॅप्टनपदासाठीच्या एटीपीएल या वरिष्ठ परवान्याची १५०० तासांची अट अशा वैमानिकाला सहसा जड जात नाही. अधिक अवघड असते ते एकट्याने निर्णय घेण्याची सवय सोडून सहवैमानिकाच्या सूचनेला अधिकार देणे.

याच वाटेने गेलेले ठळक मराठी नाव म्हणजे विंग कमांडर दीपक साठे. १९८१ मध्ये मानाची तलवार मिळवून हवाई दलात दाखल झालेले साठे हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक होते आणि सेवा सोडल्यानंतर त्यांनी एअर इंडिया व एअर इंडिया एक्स्प्रेसची विमाने चालवली. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे पावसात उतरताना त्यांचे बोइंग ७३७ धावपट्टीपलीकडे गेले, त्यात दोन्ही वैमानिकांसह २१ जण मृत्युमुखी पडले. अस्थिर अवतरण चालू ठेवणे आणि सहवैमानिकाने सुचवूनही विमान पुन्हा वर न नेणे यांवर चौकशी अहवालाने बोट ठेवले. मात्र त्याचे खापर लष्करी पार्श्वभूमीवर फोडणे अन्यायाचे ठरेल, कारण असे अपघात आयुष्यभर नागरी विमानेच चालवलेल्या वैमानिकांच्या हातूनही घडले आहेत.