चावीमागचा जळका कपलर

आज पापड-मसाल्याचं बाजूला ठेवू आणि तो माल बाजारात नेणाऱ्या गाडीबद्दल बोलू. आता बऱ्याच गटांनी कर्ज काढून जुनी व्हॅन नाहीतर छोटा टेम्पो घेतलाय. आमच्या गटानेही एक जुनी व्हॅन घेतली. घेताना टायर बघितले, कागद बघितले, इंजिनचा आवाज ऐकला. चावीच्या मागे काय आहे ते कुणी बघितलं नाही. तिथे बघायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. पहाटे माल भरला, गाडी चालवणाऱ्या आमच्या ताईंनी चावी फिरवली, तर काहीच नाही. समोरचे दिवे लागेनात, सेल्फचा आवाज नाही. चावी जरा डावी-उजवी हलवली आणि गाडी सुरू झाली. मग रोज तेच. चावी हलवायची एक खुबी आहे, असं ताई सगळ्यांना सांगायला लागल्या. आठवड्याने गाडीत प्लास्टिक जळल्यासारखा वास यायला लागला. तालुक्याच्या गावी एका वायरमनला दाखवली. त्याने सांगितलं, सगळं वायरिंग बदलावं लागेल, नऊ हजार रुपये आणि तीन दिवस गाडी इथे ठेवा. ऐन दिवाळीत तीन दिवस गाडी कुठून ठेवणार? आम्ही घरीच खालचं कव्हर उघडलं, काळा पडलेला कपलर पुसला, सैल झालेली पिन चिमट्याने दाबली, वरून टेप गुंडाळला. गाडी झक्क चालू झाली. पैसे वाचले म्हणून चहाही झाला.

पंधरा दिवसांनी बाजारातून परत येताना घाटाच्या उतारावर, अंधार पडलेला, गाडीत पाच बायका, आणि इंजिन बंद पडलं. दिवेही गेले. स्टिअरिंगखालून धूर. ताईंनी गाडी डोंगराच्या अंगाला लावली, हातब्रेक ओढला, सगळ्यांना खाली उतरवलं. कुणाला काही झालं नाही. पण आमच्या टेपने काय वाचवलं होतं, ते त्या दिवशी कळलं.

तुमच्या घरी इस्त्रीचा नाहीतर मिक्सरचा प्लग कधी सॉकेटमध्ये सैल बसलेला पाहिलाय का? थोड्या वेळाने प्लग हाताला गरम लागतो, मग पिन काळी पडते, सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी होतं. गाडीत अगदी हेच होतं. चावीच्या मागे इग्निशन स्विच असतो. बॅटरीकडून आलेली वायर इथे येते, आणि इथून वीज वाटली जाते: एक वाट रेडिओसारख्या किरकोळ गोष्टींना, एक वाट ‘ऑन’ची, म्हणजे इंजिनाचं इग्निशन, वायपर, ब्लोअर अशा गोष्टींना, आणि एक वाट सेल्फला इशारा द्यायला. स्टार्टर मोटर स्वतः शेकडो अँपिअर खाते, पण ती वीज बॅटरीपासून जाड केबलने थेट जाते, चावीतून नाही. चावीतून फक्त इशारा जातो. या सगळ्या वायरी स्विचला एकाच प्लास्टिकच्या जोडाने लागतात. त्याला वायरमन कपलर म्हणतात. स्विचच्या बाजूला चपटी पाती असतात आणि कपलरमध्ये त्या पात्यांना मिठी मारणाऱ्या पितळी पिना. ती मिठी सैल झाली की गडबड सुरू.

थोडं गणित सांगते, बीए झालेल्या बाईला जमलं म्हणजे तुम्हालाही जमेल. दहा अँपिअर वीज वाहतेय आणि सैल जोडात ०.१ ओहम एवढाच अडथळा आहे असं समजा. दहा गुणिले दहा गुणिले ०.१, म्हणजे १० वॅट उष्णता, तीही नखाएवढ्या जागेत. रेडिओवाल्याची डाग द्यायची छोटी कस्तरी २५ वॅटची असते, यावरून अंदाज करा. आणि वीज दुप्पट झाली तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आमचा टेप का फसला? एकदा तापलेल्या पितळी पिनेचा ताणच निघून जातो. चिमट्याने दाबली की आज घट्ट वाटते, चार वेळा गरम-थंड झाली की परत ढिली. टेपने तर उष्णता बाहेर जायची वाटही अडवली. काळा पडलेला भाग पुसून परत लावणं ही दुरुस्ती नाही. पिन नवीनच लागते. स्विचचं पातंही काळं पडून हलत असेल, तर स्विचही बदलायचा. नाहीतर नवी पिन त्या जुन्या पात्यावर परत जळते.

घाटातल्या प्रकारानंतर आमच्या एका ताईंचा आयटीआय शिकलेला भाचा आला, त्याने शेजारी बसून आमच्याकडूनच काम करून घेतलं. स्वतः हात लावला नाही, याबद्दल त्याचे आभार. ते काम जसं केलं तसं सांगते.

त्याआधी एक. ज्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे, तिथे हे घरी करू नका. स्टिअरिंगखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा समजा आणि कव्हर परत लावा. वॉरंटीतली गाडीही उघडू नका.

पहिलं काम म्हणजे दहाचा पाना घेऊन बॅटरीची उणे वायर सोडवायची, आणि ती परत टेकणार नाही अशी कापडात गुंडाळून ठेवायची. उणेच आधी, कारण अधिक सोडवताना पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरं, पण अधिक वायर आणि पत्रा यांच्यामध्ये धातूची बांगडी किंवा अंगठी सापडली तर ती क्षणात लालबुंद होते आणि काढताही येत नाही. म्हणून धातूच्या बांगड्या, अंगठ्या काढायच्या. मंगळसूत्र काढायला आमच्या दोघी तयार नव्हत्या. मग ब्लाऊजच्या आत नीट खोचून, वरून ओढणी बांधून बसल्या. लोंबतं मात्र ठेवू नका.

कव्हरचे स्क्रू काढले की आधी मोबाइलवर फोटो काढा, दोन-तीन बाजूंनी. कोणती वायर कुठल्या घरात आहे हे नंतर आठवत नाही, आणि वायरींचे रंग प्रत्येक गाडीत वेगळे असतात. मग कपलरची खिटी दाबून प्लास्टिकला धरून ओढायचा. वायरींना धरून ओढलात तर आणखी दोन पिना सैल कराल.

कपलर हातात आला की बघा. फक्त एक पिन काळी आणि प्लास्टिक शाबूत असेल तर तेवढीच पिन बदलते. घर वितळून वाकडं झालं असेल तर वायरीच्या तुकड्यांसकट तयार कपलर मिळतो तो घ्या. भंगारातल्या गाडीचाही चालतो, पण त्यावरही तपकिरी डाग नाहीत ना ते बघून घ्या. आमची ‘ऑन’ची पिन जळून प्लास्टिकला चिकटली होती, म्हणून पूर्ण कपलर आणला.

एका वेळी एकच वायर कापायची आणि तीच जोडायची. सगळ्या एकदम कापल्या तर तुमचं देव भलं करो. वायर सोलल्यावर आतली तार तांब्यासारखी चकचकीत दिसली पाहिजे. काळी आणि कडक असेल तर आणखी मागे कापत जा. लांबी कमी पडली तर तितक्याच जाडीचा, बारीक तारांचा वायरतुकडा जोडा. एकाच जाड तारेची वायर वापरू नका, गाडीच्या हादऱ्याने ती आतून तुटते. सुटी पिन बसवायची असेल तर ती पिन दाबायच्या पकडीनेच दाबा, हातोडीने नाही, आणि दाबल्यावर जोरात ओढून बघा. वायर निघून आली तर बरं झालं, घाटात निघाली नाही. वायरीला वायर जोडताना डाग द्यायचा तर राळेची कोर असलेलंच सोल्डर घ्या. पत्र्याच्या कामाचं ॲसिड लावलं तर तार आतून खात जाते.

जोडावर टेप नको, हीट स्लीव्ह घालायची. आणि ती जोड करायच्या आधी वायरीत ओवून ठेवायची! आम्ही पहिले दोन जोड स्लीव्ह न ओवताच केले आणि परत तोडले. भाचा हसत बसला. स्लीव्ह आवळायला लायटर जरा लांबून फिरवा. मेणबत्तीने काजळी धरते. जोड एकाशेजारी एक येऊ देऊ नका, एक पुढे एक मागे ठेवा, म्हणजे गठ्ठा होत नाही.

हे सगळं झालं तरी काम अर्धंच होतं. जोड सैल का झाला, हा प्रश्न भाच्याने विचारला, आम्हाला सुचला नव्हता. त्याने ‘ऑन’च्या वायरीचा माग काढला तर तिला एक उपरी वायर जोडलेली निघाली. आधीच्या मालकाने पुढे दोन फोकस दिवे लावले होते, प्रत्येकी ५५ वॅटचे, आणि त्यांची वीज सरळ चावीमागून घेतली होती. ११० वॅट भागिले १२, म्हणजे नऊ अँपिअरच्या वर. गाडीचा स्वतःचा भार तेवढाच धरला तर चावीमागच्या पिनेतून दुप्पट वीज जात होती. दुप्पट वीज, चौपट उष्णता. आम्ही कितीही चांगला कपलर बसवला असता तरी तो जळलाच असता. त्या वायरीला फ्यूजही नव्हता.

फोकस दिवे काढून टाकता आले असते, पण पहाटेच्या घाटात ते लागतात. म्हणून रिले लावला. रिले म्हणजे छोट्या विजेने चालणारा मोठा स्विच. त्याच्या पायांवर आकडे छापलेले असतात: ३०, ८५, ८६, ८७. बॅटरीच्या अधिकपासून १५ अँपिअरचा फ्यूज घेऊन वायर ३० वर, फ्यूज बॅटरीच्या जवळच. ८७ वरून दिव्यांकडे. ८५ पत्र्याला, अर्थिंगसाठी. आणि फोकसच्या बटणाची वायर ८६ वर. आता चावीमागून जाते ती फक्त रिले ओढायची चिमूटभर वीज. १५ चा फ्यूज निळा असतो, १० चा लाल, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालणाऱ्या माणसाला गाडीला हात लावू देऊ नका. फ्यूज वाचतो आणि वायर जळते.

शेवटी बॅटरीची उणे वायर जोडली आणि मल्टिमीटर घेतला. तो मोठा खर्च नाही, गटात एक असावा. डीसी २० वर ठेवून आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजायचं. मग इंजिन बंद, चावी ऑन, ब्लोअर लावून, काळी सुई गाडीच्या उघड्या पत्र्याला आणि लाल सुई कपलरच्या मागून ‘ऑन’च्या वायरीत. भार चालू ठेवून बॅटरीवर परत मोजा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. बॅटरीवर १२.३ आणि इथे ११ आले, तर मधला १.३ व्होल्ट वाटेत कुठेतरी उष्णता होऊन जातोय, तो जोड शोधायचा. आमचा फरक पाव व्होल्टपेक्षा कमी आला. मग वीस मिनिटं गाडी चालवून कपलरला बोटाची मागची बाजू लावली. कोमट होता. बोट ठेववत नसेल तर परत उघडायचा.

गाडी चालवणाऱ्या बहिणींसाठी दोन शब्द, कारण हे कुठेही होऊ शकतं. चालत्या गाडीत इंजिन गेलं तर चावी लॉककडे फिरवू नका, चावी निघाली की स्टिअरिंग अडकतं. ब्रेक कडक होतो, पण लागतो. वारंवार पंप न करता एकदाच जोराने दाबून धरा. धूर दिसला तर गाडी थांबल्यावर चावी बंद, सगळे बाहेर, आणि जमत असेल तरच बॅटरीची उणे वायर सोडवा. पाणी ओतू नका. सीटखाली कोरड्या पावडरची छोटी आगरोधक नळी ठेवा, आम्ही त्याच आठवड्यात घेतली.

कपलर, रिले, फ्यूजचं घर, वायर, स्लीव्ह, सोल्डर मिळून आमचे आठशेच्या आत गेले, मल्टिमीटर वेगळा. त्या वायरमनला मी दोष देत नाही. रस्त्यावर दहा गाड्या उभ्या असताना एकेक वायर शोधत बसणं त्याला परवडत नाही. आम्हाला एक रविवार परवडला. पण आता कुणी ‘सगळं वायरिंग’ म्हणालं, की आमच्या ताई ‘कुठली वायर, दाखवा’ असं विचारतात.

जुना जळका कपलर आम्ही गटाच्या पेटीत ठेवलाय. दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी ताई वीस मिनिटं गाडी चालवून आणतात आणि चावीखाली हात घालून नवा कपलर चाचपतात, वहीत ‘कोमट’ असं लिहितात. आतापर्यंत सात वेळा ‘कोमट’ लिहिलंय.