इंजिनचे काम झाले, तरी गाडी बंद का पडते?

जुनी गाडी धूर सोडू लागली, ऑइल पिऊ लागली की मिस्त्री सांगतो, "इंजिनचे काम काढावे लागेल." रिंग-पिस्टन, बेअरिंग, पॅकिंगचा सेट, लेथवरची मजुरी असा सगळा हिशेब जुळवताना पगारदार माणसाच्या घरचे बजेट कोलमडते. एवढे करून गाडी घरी येते आणि पहिल्याच सिग्नलला बंद पडते. मग घरात चिडचिड, गॅरेजमध्ये वाद आणि पुन्हा इंजिन खोलण्याची भाषा सुरू होते.

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी अशा जुन्या गाड्या आजही गावोगावी कुटुंबाच्या उपयोगी पडतात. म्हणून हा विषय घरातल्या सर्वांनी, गाडी चालवणाऱ्या भगिनींनीसुद्धा, समजून घ्यावा असे आम्हाला वाटते.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. इंजिन बाहेर काढताना पाइप, वायरी आणि केबल सुटे करावे लागतात व नंतर पुन्हा जोडावे लागतात. त्यामुळे कामानंतरचा दोष बहुधा इंजिनच्या पोटात नसतो, बाहेरच्या जोडणीत असतो. तो शोधायला वेळ लागतो, पण खर्च थोडा येतो.

गाडी केव्हा बंद पडते, हे वहीत लिहून ठेवा. थंड असताना की गरम झाल्यावर? उभी असताना की चालताना? लगेच पुन्हा सुरू होते की थांबावे लागते? आजाऱ्याने लक्षणे नीट सांगितली की डॉक्टरचे निदान सोपे होते, तसेच हे आहे.

हवा : पेट्रोल पूर्ण जळायला एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पॅकिंग नीट बसले नाही किंवा व्हॅक्यूमचा पाइप सैल राहिला, तर जास्तीची हवा आत शिरते. रेस दिली की गाडी चालते, पाय काढला की बंद पडते. हे त्याचे ठळक लक्षण.

टायमिंग : टायमिंग बेल्ट एका दातानेही चुकीचा बसला तर इंजिन सुरू होते, पण ताकद नसते आणि स्लोवर थरथरते.

टॅपेट : गॅप कमी ठेवली असेल, तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. थंड असताना ठीक चालणारी गाडी गरम झाली की दगा देते.

वीज : इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी सैल राहणे ही नेहमीची बाब. इंजेक्शनच्या गाडीत क्रँक सेन्सर बिघडला, तर तापल्यावर गाडी अचानक बंद होते आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होते. अशा वेळी स्कॅनर लावून घ्यावा.

पेट्रोल : फिल्टर, पंप आणि कार्बोरेटरमधला कचरा तपासावा. नव्या रिंगांमुळे इंजिन सुरुवातीला थोडे जड फिरते, म्हणून स्लो सेटिंगही पुन्हा पाहावे लागते.

आमच्या जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचे इंजिन बांधून आणले, त्यानंतर आम्ही मुलांसह कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो. आंबा घाटाच्या उतारावर गिअर बदलायला क्लच दाबला की इंजिन गप्प होई. ब्रेकही नेहमीपेक्षा कडक लागत होता. हळूहळू खाली उतरून साखरप्याला एका वयस्कर मिस्त्रीचाचांना गाडी दाखवली. त्यांनी इंजिन चालू ठेवून रबरी पाइप एकेक करून पकडीने दाबले. ब्रेकच्या बूस्टरचा पाइप दाबताच इंजिन स्थिर झाले. "सर, इंजिन खोलायचं नाही. हे हवा खातंय," ते म्हणाले. पाइपचे टोक चिरले होते. नवा तुकडा बसवला आणि गाडी व ब्रेक दोन्ही ठीक झाले.

या प्रसंगातला धडा पैशांपेक्षा मोठा आहे. चालत्या गाडीत इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन वेळा दाबेपर्यंतच उरते. पुढे ब्रेक फार जोराने दाबावा लागतो. पॉवर स्टिअरिंगही जड होते. अशा वेळी घाबरून किल्ली काढू नये, स्टिअरिंग लॉक होऊ शकते. ब्रेक वारंवार न पंपता एकदाच दाबून धरावा, चारही इंडिकेटर लावावेत आणि गाडी कडेला घ्यावी. दोष सापडेपर्यंत बायका-मुलांना घेऊन घाटात जाऊ नये.

शेवटी व्यवहाराचे दोन शब्द. काम देतानाच कोणते भाग बदलणार, किती दिवसांची जबाबदारी घेणार, हे बिलावर लिहून घ्या. जुने भाग परत मागा. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मिस्त्रीला शेजारी बसवून, इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवून पाहा. तक्रार असेल तर वही पुढे ठेवून शांतपणे बोला. चांगल्या कारागिराला लक्षणे कळली की तो स्वतःहून दोष शोधतो. आणि कोणी लगेच "पुन्हा इंजिन खोलू" म्हणाला, तर आधी पाइप, अर्थिंग, टायमिंग आणि टॅपेट तपासले का, एवढे जरूर विचारा.