आत गेला की नशा सुटते?

‘आत गेला ते बरंच झालं, आता तरी सुटेल त्याची.’ व्यसनी मुलाला अटक झाली की घरचे थकून असं बोलतात. त्यांचा त्रागा खरा आहे. पण नशा तुटली म्हणजे आजार बरा झाला, ही समजूत जीव घेऊ शकते.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भ्रम होतो. अंगावर किडे चालताहेत असं वाटून माणूस ते झटकत बसतो, भिंतीवर कोणी दिसतं म्हणून ओरडतो, आपण कुठे आहोत हेही त्याला कळत नाही. भरलेल्या बराकीत हे ‘नाटक’ वाटतं, आणि नाटक म्हटलं की मार किंवा एकांत कोठडी. वास्तविक त्याला त्याच रात्री दवाखान्यात हलवायला हवं. वेळेवर उपचार न झाल्यास माणूस दगावू शकतो. डायझेपाम किंवा लोराझेपाम आणि बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन ही त्यावरची औषधं जुनी आणि स्वस्त आहेत. गर्दची, म्हणजे हेरॉइनची, टर्की (नशा तुटल्यावर होणारा त्रास) सहसा जिवावर बेतत नाही, पण उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी जातं आणि जगणं नकोसं होतं.

दुसरा गैरसमज म्हणजे, ‘नशा केली म्हणून डोकं फिरलं.’ तसं होतंही. गांजाने मनोविकाराचा धोका वाढतो. पण उलटही घडतं. कानात येणारे आवाज दाबायला, लहानपणच्या मारहाणीच्या आठवणी बुजवायला, उदासी विसरायला माणूस आधी नशेकडे जातो. बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी 5,024 बंद्यांची तपासणी केली, तेव्हा व्यसन किंवा मानसिक आजार यांपैकी काहीतरी जवळपास 80 टक्के जणांत आढळलं. व्यसनं बाजूला काढल्यावरही 27.6 टक्के जणांना मानसिक आजार होता. म्हणून नशा तुटल्यावर महिनाभराने पुन्हा तपासणी लागते. नशेने आलेली उदासी तोवर बहुधा ओसरते. मूळची असेल तर राहते, आणि तिच्यावर वेगळे उपचार करावे लागतात.

‘गुन्हेगाराला कसले लाड?’ असंही विचारलं जातं. देशातल्या कारागृहांत 2022 अखेर चारांपैकी तीन जण न्यायबंदी होते, म्हणजे त्यांचा खटला अजून संपलेला नव्हता. आणि उपचार ही मेहेरबानी नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था येतात. त्याच्या कलम 103 नुसार प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय असलीच पाहिजे.

गर्दच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी दिली की ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असं हमखास ऐकू येतं. जिभेखाली ठेवायची ही गोळी टर्की आणि तलफ आवरते. ठरलेल्या मात्रेत ती घेणारा माणूस गुंगीत न जाता कामधंदा करू शकतो. इंग्लंडमधून 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असे उपचार चालू असताना सुटलेल्या बंद्यांमध्ये पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे पाऊणपट कमी आढळले.

हे मृत्यू होतात ते शरीराची सवय मोडल्यामुळे. आत महिनोन्‌महिने गर्द न मिळालेला माणूस सुटल्यावर जुन्याच मापाने ओढतो किंवा टोचून घेतो, आणि श्वास थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बंद्यांचा मृत्यूचा धोका इतरांच्या 12.7 पट होता; अतिमात्रेने मरण्याचा तर 129 पट.

तेव्हा अटक झाली की काय, किती आणि शेवटचं कधी घेतलं हे घरच्यांनी लाज न बाळगता कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवावं, डॉक्टरांची जुनी चिठ्ठी द्यावी. जामिनाची तारीख लागली की व्यसनमुक्ती केंद्राची वेळ आधीच ठरवावी. सुटताना आतल्या उपचारांचे कागद मागून घ्यावेत, आणि पहिले पंधरा दिवस त्याला एकटं सोडू नये.