दुकानाचा बंद पडलेला ब्लॉग पुन्हा सुरू करायचाय? आधी हे करा

लॉकडाऊनमध्ये दुकानाचा ब्लॉग सुरू केला, पाच-दहा लेख लिहिले, मग गिऱ्हाईक वाढलं आणि लिहिणं राहून गेलं. असं तुमचंही झालं असेल, तर नवा लेख नंतर लिहा. आधी जुन्या खात्यात लॉगिन करा.

कारण साधं आहे. सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल डिसेंबर 2023 पासून काढून टाकू लागले आहे. खाते गेले की जीमेल, फोटो आणि त्यावरचा ब्लॉगही जाऊ शकतो. मोबाईल नंबर बदलला असेल, तर तोही खात्यात दुरुस्त करा.

मग जुने लेख वाचा. जुना भाव, जुना नंबर लोकांना आजही दिसतो. तारखाही तपासा. 2022 मध्ये रमजान ईद 3 मे रोजी होती, 2025 मध्ये 31 मार्चला. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असते ना! ‘ईदचे कपडे एप्रिलमध्ये शिवायला टाका’ हा जुना सल्ला आता गिऱ्हाइकाला फसवेल. परभणीचा तुराबुल हक यांचा उरूस मात्र दरवर्षी फेब्रुवारीतच भरतो. तो लेख चालेल.

इतके दिवस का लिहिलं नाही, याची लांबलचक माफी नको. गिऱ्हाईक रोज काय विचारतं, ते वहीत टिपून ठेवा. ‘कुलरची मोटर गरम का होते?’ अशा एका प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणजे एक लेख. महिन्याला एकच लिहा, पण पुढच्या महिन्यातही लिहा.