जुन्या मालमोटारीचें पेट्रोल कोठें अडतें?

भाईंदरच्या खाडीकांठीं राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांपाशीं कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली पेट्रोलची जुनी मालमोटार आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढलेल्या प्रीमियर कंपनीनें तेथें १९४७ पासून गाड्या जुळविण्यास आरंभ केला, व पुढें डॉज आणि फार्गो जातीच्या मालमोटारी कित्येक वर्षें बाहेर पडल्या. त्यांपैकींच ही एक. गेल्या मार्गशीर्षांत राई-मुर्ध्याकडील वाडीची भाजी भरून ती पहांटे दादरच्या बाजारास निघाली, ती काशीमिऱ्यास पोहोंचण्यापूर्वींच बंद पडली. पाव तास थांबल्यावर जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी सुरू झाली, आणि दोन-तीन कोसांवर पुन्हां थांबली. बाजार गांठेपर्यंत ऊन चढलें, पालेभाजीनें माना टाकल्या व माल निम्म्या भावानें द्यावा लागला. कार्ब्युरेटर गेला, असें मिस्त्रीनें सांगितलें. जेट बदलले, पंपाचा पडदाही नवा घातला. पुढच्या आठवड्यांत पुन्हां तोच प्रकार.

दोष कार्ब्युरेटरांत नव्हताच; तो टाकीच्या झांकणांत होता. मूळ झांकण हरवल्यामुळें दुसऱ्या गाडीचें बसविलें होतें व त्यास हवेचें छिद्र नव्हतें. टाकींतून जितकें पेट्रोल जातें तितकी हवा आंत यावयास पाहिजे. ती न आल्यास आंत पोकळी उत्पन्न होऊन पंपाची ओढ तोकडी पडते. गाडी उभी राहिली कीं हवा कोठून तरी हळूहळू शिरते, एंजिन सुरू होतें आणि मालकास भूल पडते. अशी गाडी थांबतांच झांकण उघडावें; हवा आंत ओढली जाऊन 'सूं' असा आवाज झाला तर निदान झालें.

पेट्रोलची वाट टाकीपासून सुरू होते, परंतु आपण शोध मात्र शेवटच्या टोंकापासून करूं लागतों, म्हणून हा अनुभव सविस्तर दिला. अशा मालमोटारी आतां विरळा झाल्या आहेत हें खरें. तथापि पाणी उपसण्याच्या लहान पेट्रोल-एंजिनावर व पाठीवरच्या फवारणी-यंत्रावरही कार्ब्युरेटर असतो, आणि तेथेंही टाकीपासूनच आरंभ करणें सोयीचें.

आमच्या या भागांत टाकीकडे आधीं पाहण्यास आणखी एक कारण आहे. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्र आणि मध्यें मिठागरें; हवा दमट व खारट. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली कीं आंतील हवेंतला ओलावा रात्रीच्या गारव्यानें पत्र्यावर धरतो, थेंब तळाशीं उतरतात आणि पत्रा गंजूं लागतो. त्यांत पेट्रोलही पूर्वींचें राहिलें नाहीं. २०२२ च्या मध्यापर्यंत देशांत सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळलें जाऊं लागलें, २०२३ पासून २० टक्क्यांचें मिश्रण विकावयास आलें व २०२५ पर्यंत तें बहुतेक सर्वत्र झालें. हें इथेनॉल आपल्याच उसापासून, मळीपासून व धान्यापासून होतें. तेव्हां शेतकऱ्यानें त्याच्या नांवानें बोटें मोडावीं असें आम्ही म्हणणार नाहीं. पण जुन्या एंजिनाच्या मालकानें त्याचा स्वभाव ओळखून असावें. तें पाणी शोषून घेतें. कांहीं मर्यादेपर्यंत हें पाणी मिश्रणांत विरून राहतें. मर्यादा ओलांडली कीं पाणी व इथेनॉल मिळून तळाशीं बसतात, आणि नळीचें तोंड तळाजवळ असल्यानें एंजिनास प्रथम तेंच मिळतें. शिवाय टाकींत वर्षानुवर्षें धरलेला चिकट गाळ इथेनॉलनें सुटतो, व जुन्या जातीचें रबर फुगतें किंवा चिरतें.

म्हणून पावसाळ्यानंतर गाडी काढतांना टाकीच्या बुडाचा पेंच सोडून थोडें पेट्रोल स्वच्छ बाटलींत घ्यावें व घटकाभर स्थिर ठेवावें. खालीं निराळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करावी. वरचें पेट्रोल वांचविण्याचा लोभ धरूं नये. पंपाजवळची कांचेची वाटी व जाळी धुवावी. रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घालाव्या.

मग पंप. कार्ब्युरेटराकडे जाणारी नळी सोडून तिचें तोंड बाटलींत धरावें व दुसऱ्यानें हॅंडल मारावें. ठोक्याठोक्यानें जोरकस धार आली तर पंप चांगला. त्यापूर्वीं इग्निशनची तार सोडून ठेवावी, एंजिन थंड असावें, आणि आसपास विडी सोडाच, दिवाही नसावा. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यानें जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीनेंही पेटते.

एवढें होऊनही एंजिन कुरकुरत असेल तरच कार्ब्युरेटराकडे वळावें, आणि तेव्हांही आधीं प्लग काढून पाहावा. त्यावर काळी भुकटी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे: चोक अडकलेला, सुई झिजलेली किंवा फ्लोट फुटलेला. पितळी फ्लोट कानाशीं हालवावा. आंत खळखळलें तर तो बदलावा. त्यास डाग देण्याचा मोह अनेकांस होतो, पण आंत वाफ राहिल्यास भडका उडण्याचें भय असतें. प्लग पांढरा व कोरडा, आणि कार्ब्युरेटर शिंकल्यासारखा आवाज करतो, तर पेट्रोल कमी पडतें: जेट तुंबला असेल किंवा खालची गॅस्केट फाटून हवा शिरत असेल. दोन्ही ठीक असल्यास मिश्रणाकडे पाहावें. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलच्या एका भागास केवळ ९. त्यामुळें जुन्या मापाच्या जेटास नवें मिश्रण थोडें अपुरें होतें, व एक माप मोठा जेट घालावा लागतो. जेट हवेनें फुंकून साफ करावा. तार घातली कीं पितळेचें छिद्र वाढतें, आणि मग मापाला अर्थ उरत नाहीं.

वैशाखांत घोडबंदरच्या चढावर भरलेली गाडी थांबली तर मात्र कांहींच उघडूं नये. तापलेल्या नळींत पेट्रोल उकळून वाफ अडलेली असते. नळीवर ओलें फडकें ठेवून वाट पाहावी. पंपाच्या कांचेच्या वाटीवर थंड पाणी ओतूं नये, ती तडकते.

आमच्या स्नेह्यांनीं तें झांकण टाकीपासून दूर नेऊन त्यास सुईएवढें छिद्र पाडून घेतलें व जुने जेट पुन्हां बसविले. विकत घेतलेले नवे जेट त्यांच्या फळीवर तसेच पडून आहेत.