जूनमधली फी

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उमरग्यात कृषी सेवा केंद्रासमोर आणि वह्या-पुस्तकांच्या दुकानासमोर एकाच घरातली माणसं उभी असतात. मृग निघतो 7-8 जूनला, शाळा भरते 15 च्या आसपास. सोयाबीनचं बी, खताची गोणी आणि इंग्रजी शाळेचा पहिला हप्ता, सगळं एकाच खिशातून. त्या सोयाबीनचे पैसे मात्र दसरा-दिवाळीला येणार, तुरीचे संक्रांतीच्या पुढे-मागे. घरात सगळ्यात जास्त ओढाताण असते तोच महिना फीच्या वाट्याला यावा, हे नवलच! खासगी शाळेचा पहिला छुपा खर्च हा तारखेचा: उसनवारीचं व्याज. ते कुठल्याच पावतीवर नसतं.

दुसरा खर्च गणवेशाचा, तो मुलाच्या अंगाबरोबर वाढतो. पाच ते दहा वर्षांचं मूल वर्षाला साधारण 5-6 सेंटिमीटर उंच होतं. म्हणून जाणता शिंपी पँटच्या तळाला भरपूर दुमड ठेवतो. टीप उसवली की आणखी एक वर्ष निघतं. बुटाला ही सोय नाही. शिवाय गाडीभाडं, सहल, गॅदरिंगचा ड्रेस आहेच, आणि तोही एकाच संध्याकाळपुरता.

खरी थक्क करणारी गंमत फीच्या वाढीत आहे. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. समजा, नर्सरीला फी 20,000 आहे आणि दर दोन वर्षांनी ती 20 टक्के वाढते. ऐकायला फार नाही. पण दहावीत ती 60 हजारांच्या घरात जाते, आणि तेरा वर्षांची बेरीज 2 लाख 60 हजारांऐवजी सुमारे 4 लाख 57 हजार होते. वाढीवर वाढ चढते ती अशी. याच कायद्यात फीवर बोलणाऱ्या कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक चिठ्ठ्या टाकून निवडायची तरतूद आहे. किती पालकांना हे ठाऊक असतं?

शाळेच्या खर्चापैकी प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत सवलत मिळते ती फक्त ट्यूशन फीवर. देणगी, विकास शुल्क, गाडीभाडं त्यात धरत नाहीत. पावती फोडून मागावी ती यासाठी.

हिशेब जूनमध्ये मांडून उपयोग नाही, तेव्हा पैसे बियाण्यात गेलेले असतात. सोयाबीनची पट्टी हाती पडली की त्याच आठवड्यात पुढच्या जूनचा हप्ता, वह्या आणि बूट यांचे पैसे सात महिन्यांच्या मुदत ठेवीत टाकावेत. गाडीभाडं दरमहा द्यायचं, ते दुधाच्या पैशांतून भागवता येतं.